झाशीची राख आणि मराठी भयकादंबरी

भयकादंबरी लिहिणाऱ्याची प्रेरणा कोणती, या प्रश्नाला मराठी समीक्षेने बहुधा दोनच उत्तरे दिली आहेत. एक, पाश्चात्त्य पुस्तके. दुसरे, समाजातील अंधश्रद्धा. पहिले उत्तर लेखकाला उसनवारी करणारा ठरविते, दुसरे त्याला भोळ्या मनांचा गैरफायदा घेणारा ठरविते. आणि दोहोंमुळे त्याची पुस्तके न वाचण्याची सोय होते. नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या बाबतीत हेच घडले. वाचकांच्या दोन-तीन पिढ्या ज्यांच्या कादंबऱ्या रात्री जागून वाचत मोठ्या झाल्या, त्यांचा विचार गंभीर समीक्षेने अभावानेच केला.

धारपांची ‘लुचाई’ ही कादंबरी स्टीफन किंगच्या १९७५ मधील ‘सेलम्स लॉट’वर आधारलेली आहे, हे खरे. परंतु उसन्या कथानकाने भय उत्पन्न होत नाही. वाचक घाबरतो तो त्याच्या ओळखीच्या माजघरात, त्याच्या ओळखीच्या जिन्याखाली काही हलले म्हणजे. कथानक परके चालते. घर परके चालत नाही. धारपांच्या कथेतून स्फुरलेल्या ‘तुंबाड’ (२०१८) या चित्रपटाने तर ते बीज १९१८ ते १९४७ या काळातील कोकणी वाड्यात आणि त्या वाड्याच्या धनलोभात रुजविले. उसनेपणाचा आक्षेप म्हणूनच अपुरा आहे. बीज कोठून आणले यापेक्षा ते कोणत्या मातीत पेरले, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

या वाङ्मयप्रकाराचा इतिहासही तेच सांगतो. होरेस वॉलपोलला ‘द कॅसल ऑफ ऑट्रँटो’ (१७६४) ही कादंबरी एका स्वप्नातून सुचली. पण स्वप्नातला तो पुरातन किल्ला त्याने आधीच आपल्या राहत्या घराच्या रूपाने हौसेने बांधून घेतला होता. देवकीनंदन खत्रींना अशी हौस करावी लागली नाही. चकिया आणि नौगढच्या जंगलांचे ठेके घेऊन हिंडताना त्यांना पडके किल्ले आणि भग्न वास्तू उभ्याच सापडल्या आणि त्यांतून ‘चंद्रकांता’चे (१८८८) तिलिस्मी विश्व निर्माण झाले. भयाची प्रेरणा वास्तूत असते, कारण वास्तूत घडून गेलेले साठलेले असते. मराठी भाषेने तर ही गोष्ट एका शब्दातच सांगून ठेवली आहे. ‘भूत’ म्हणजे पिशाच आणि ‘भूत’ म्हणजे घडून गेलेले.

मग मराठी माणसाचे, घडून गेलेले आणि न मिटलेले असे सर्वांत मोठे स्थळ कोणते? ते महाराष्ट्राबाहेर, बुंदेलखंडात आहे. झाशी हे कोकणातून आलेल्या नेवाळकरांचे संस्थान. १८५३ मध्ये गंगाधरराव वारले आणि १८५४ मध्ये कंपनी सरकारने संस्थान खालसा केले. जून १८५७ मध्ये किल्ल्यात आश्रय घेतलेले सुमारे साठ युरोपीय, बायकामुलांसह, झोकनबागेत कापले गेले. मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोजने वेढा घातला आणि एप्रिलच्या आरंभी शहर पडले. त्यानंतर जे झाले ते वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी आत राहून पाहिले. दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघालेल्या या भिक्षुकाच्या ‘माझा प्रवास’मध्ये दिवसेंदिवस चाललेली कत्तल आहे, घरोघरची लूट आहे, रस्त्यांवर एकत्र जाळलेली प्रेते आहेत आणि संस्थानच्या मोठ्या ग्रंथसंग्रहाचा विध्वंस आहे. चिंतामणराव वैद्यांनी हे पुस्तक १९०७ मध्ये प्रसिद्ध केले. ते साऱ्या ग्रंथालयांत आहे, अभ्यासक्रमांत आहे आणि तरीही मराठी भयकादंबरीच्या ठळक परंपरेत झाशीला जागा नाही.

झाशीवर मराठीने लिहिले नाही असे नव्हे. पारसनिसांचे राणीचरित्र १८९४ चे आहे. शिरवाडकरांनी ‘वीज म्हणाली धरतीला’ हे नाटक लिहिले. झाशीतच वकिली केलेल्या वृंदावनलाल वर्मांची हिंदी कादंबरी १९४६ मध्ये आली, आणि त्यानंतर दहा वर्षांनी महाश्वेता देवींनी त्या मुलखात हिंडून, लोकगीते व आख्यायिका गोळा करून बंगालीत राणीचे चरित्र लिहिले. परंतु या लेखनाच्या केंद्रस्थानी राणी आहे. तेजाचा झोत तिच्यावर आहे आणि तो असावाही. मात्र एकत्र जळालेल्या प्रेतांना नावे नव्हती. त्यांची उत्तरक्रिया कोणी केली नाही, कारण करणारेही त्यांच्याबरोबरच गेले. इतिहासकाराला नावावाचून पुढे जाता येत नाही. वास्तववादी कादंबरीकाराला पुराव्याचा संकोच वाटतो. निनावी मृताला दारात उभे करून बोलते करण्याची मुभा साहित्यात ज्याला प्रामुख्याने आहे, तो भयकादंबरीकार. त्याच्या अतिमानुषाचे प्रयोजन नेमके येथे आहे.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. कत्तलीची करमणूक करणे हा मृतांचा अपमान नव्हे काय? हिशेब न मांडता केवळ अंगावर काटा आणणारे लेखन तसा अपमान निश्चित करील. पण भय आणि हिशेब परस्परविरोधी नाहीत. १८५६ मध्ये अमेरिकेतील एका पळालेल्या गुलाम स्त्रीने, मुले पुन्हा गुलामीत जाऊ नयेत म्हणून, आपल्या लेकीला ठार केले. या सत्य घटनेवरून टोनी मॉरिसनने ‘बिलव्हेड’ (१९८७) लिहिली. तीत मारलेली मुलगी घरात परत येते. त्या भुतामुळे इतिहास हलका झाला, असे कोणी म्हटले नाही. उलट जे आकड्यांत मावत नव्हते ते प्रथमच घराच्या उंबऱ्यावर आले. झाशीची राख त्याच काळातली आहे.

दुसरा आक्षेप अंधश्रद्धेचा. जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्राने २०१३ मध्ये केला आणि तो आवश्यकच होता. पण तो फसवणूक करणाऱ्या भोंदूसाठी आहे. कादंबरीकार फसवीत नाही; आपण कल्पित सांगत आहोत, हे तो मुखपृष्ठावरच कबूल करतो. शिवाय विष्णुभट स्वतः श्रद्धाळू भिक्षुक होते, तरी त्यांच्या वृत्तांतातील झाशीची भीषणता माणसांनी केलेली आहे. तो वृत्तांत ज्याने पचविला, त्याच्या पिशाचालाही अखेर माणसाकडेच बोट दाखवावे लागेल.

दोष एकट्या समीक्षकांचा नाही. किल्ल्याच्या पायथ्याशी उभे राहून परदेशी हवेल्यांची वर्णने लिहिणारा लेखकही तितकाच दोषी आहे. पण त्याला ‘हे वाङ्मय नव्हे’ असे वर्षानुवर्षे ऐकविणाऱ्यांनी त्याच्याकडून मोठ्या कामाची अपेक्षाही ठेवली नाही. पैठणच्या सातवाहनाची आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. गुणाढ्याची बृहत्कथा पिशाचांच्या भाषेत आहे म्हणून त्याने ती झिडकारली. कवी अरण्यात पशुपक्ष्यांना वाचून दाखवीत एकेक पान अग्नीत टाकत गेला आणि राजाला पश्चात्ताप झाला तेव्हा ग्रंथाचा सातवा हिस्साच उरला होता.

त्याच कथापरंपरेत वेताळही आहे. विक्रमाच्या खांद्यावरून तो गोष्ट सांगतो आणि शेवटी एक प्रश्न विचारतो. उत्तर येत नसेल तर राजाला भय नाही. ठाऊक असूनही गप्प राहिला, तर मात्र त्याच्या मस्तकाची शकले होतील. ‘माझा प्रवास’ प्रसिद्ध होऊन शंभराहून अधिक वर्षे झाली. झाशीत काय घडले, हे मराठी कादंबरीला ठाऊक नाही असे आता म्हणता येणार नाही.