विश्वासाची हुंडी

बाजारपेठेत एखाद्या सकाळी कुजबुज सुरू होते, की अमुक पेढीचे पैसे अडकले आहेत. बोलणाऱ्याला खात्री नसते आणि ऐकणाराही खात्री करून घेत नाही. दुपारपर्यंत दोन ठेवीदार आपली रक्कम मागावयास येतात. संध्याकाळी नेहमीचा व्यापारी उधारीवर माल देण्यास का-कू करतो. आठवडाभरात, कालपर्यंत सुस्थितीत असलेली पेढी खरोखरच अडचणीत येते. मग कुजबुज करणारे अभिमानाने म्हणतात, "आम्ही आधीच सांगितले होते!" पेढी तिच्या व्यवहारामुळे बुडाली की लोकांच्या समजुतीमुळे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९४८ साली हाच प्रश्न विचारला. त्यांनी एका काल्पनिक बँकेचे उदाहरण घेतले. बँक सुदृढ आहे, पण ती बुडणार अशी अफवा उठते, ठेवीदार रांगा लावतात आणि बँक बुडते. प्रारंभी असत्य असलेली समजूत माणसांचे वर्तन बदलते आणि ते बदललेले वर्तनच त्या समजुतीला सत्य करून दाखविते. अशा भाकिताला मर्टन यांनी स्वतःच स्वतःला खरे करणारे भाकीत म्हटले.

बँकेचे उदाहरण त्यांनी निवडले, त्याला कारण आहे. ठेवीदार मागेल तेव्हा पैसे परत करण्याचे वचन बँक देते. परंतु त्या ठेवींतून दिलेली कर्जे वर्षानुवर्षांनी फिटतात. रोजच्या मागणीपुरतीच रोकड हाताशी असते. सर्व ठेवीदार एकाच दिवशी दारात उभे राहणार नाहीत, या विश्वासावरच हा व्यवहार चालतो. म्हणून उत्तम चालविलेल्या बँकेलाही भीतीची लाट बुडवू शकते.

याचा दारुण अनुभव अमेरिकेने मंदीच्या काळात घेतला. १९३० ते १९३३ या अवधीत तेथे सुमारे ९००० बँका बंद पडल्या. ४ मार्च १९३३ रोजी रूझवेल्ट अध्यक्ष झाले आणि दोनच दिवसांनी त्यांनी देशातील सर्व बँकांना सुट्टी जाहीर केली. १२ मार्चच्या रविवारी रात्री ते आकाशवाणीवरून जनतेशी बोलले. बँक पैशाचे काय करते, गर्दी झाली म्हणजे काय होते आणि सरकार काय करीत आहे, हे त्यांनी साध्या शब्दांत समजाविले. दुसऱ्या दिवशी बँका उघडू लागल्या, तेव्हा पुन्हा रांगा लागल्या. या वेळी लोक घरात दडविलेले पैसे परत भरावयास आले होते.

ही हकीकत सांगताना एक गोष्ट अनेकदा गाळली जाते. उघडलेल्या बँका तपासून, परवाना देऊन उघडल्या होत्या. ज्यांची स्थिती खरोखर पोखरलेली होती, त्या बंदच राहिल्या. केवळ गोड शब्दांनी विश्वास मागितला असता, तर तो काही दिवसांत पुन्हा ढासळला असता. येथे आधी हिशेब पाहिला गेला आणि मग विश्वास मागितला गेला. त्यापाठोपाठ तेथे ठेवींना विम्याचे संरक्षण मिळाले. भारतातही १९६० साली लक्ष्मी बँक व पालई सेंट्रल बँक बुडाल्यानंतर, १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा लागू झाला. प्रारंभी १५०० रुपये असलेली त्याची मर्यादा २०२० पासून ५ लाख रुपये आहे. अशा संरक्षणाचे काम नुकसानभरपाईपुरतेच नाही. रांगेत धावण्याचे कारणच ते कमी करते.

विश्वास वास्तव घडवितो, पण कोणते वास्तव? जे माणसांच्या वर्तनावर उभे आहे तेच. पाऊस पडेल असे मानल्याने पाऊस पडत नाही आणि गोदामात सडलेले धान्य श्रद्धेने ताजे होत नाही. तोट्याच्या धंद्यात "सर्व ठीक होईल" म्हणत कर्ज वाढविणाऱ्याचा विश्वास त्याला तारत नाही, अधिक खोल नेतो.

जैन दर्शनाने हा भेद फार पूर्वी ओळखला आहे. मोक्षमार्गातील रत्नत्रयांत सम्यक् दर्शनाला प्रथम स्थान आहे आणि कर्मबंधाच्या पाच कारणांत मिथ्यात्वाला. दोन्ही ठिकाणी गोष्ट श्रद्धेचीच आहे; एक वस्तुस्वरूपाला धरून असते, दुसरी त्याच्या विपरीत. सम्यक् दर्शनही एकटे पुरेसे मानलेले नाही. त्याला ज्ञानाची आणि चारित्र्याची जोड लागते.

व्यापारी समाजाने हे तत्त्व पेढीवर आचरले. दर्शनी हुंडी दाखविताच दूरच्या गावी रक्कम हाती पडे. त्या कागदामागे असे ती पेढीची पत. ही पत टिकली, कारण तिच्यामागे शुद्ध वही होती. सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया आणि न्यासापहार, म्हणजे खोटे दस्तऐवज करणे आणि दुसऱ्याची ठेव बळकावणे, यांचा समावेश आहे. आजच्या कोणत्याही बँकेच्या नियमावलीला यात मोठी भर घालावी लागणार नाही.

घरातही हीच हुंडी चालते. "याच्याकडून धंदा होणार नाही," असे एखाद्या मुलाविषयी वारंवार बोलले जाते. मग त्याला महत्त्वाच्या बोलणीस नेत नाहीत, किल्ल्या देत नाहीत, चूक झाली तर शिकविण्याऐवजी हिणवितात. दहा वर्षांनी तो खरोखरच अनभिज्ञ राहतो आणि वडील म्हणतात, "मला ठाऊकच होते." नव्या सुनेविषयी पहिल्याच महिन्यात बनविलेले मतही असेच स्वतःला खरे करून घेते. याउलट मुलावर लहानशी जबाबदारी सोपवावी, महिनाअखेरीस त्याच्यासोबत बसून हिशेब पाहावा आणि जमले तेवढे पुढे वाढवावे. तपासून दिलेला असा विश्वास माणसाला घडवितो.

पाच समितींत भाषा समितीचा समावेश आहे. साधूंसाठी ती कठोर आहे. परंतु गृहस्थाने तिचा अंश जरी पाळला, तरी पुष्कळ अनर्थ टळतील. कोणाच्या पेढीविषयी वा मुलाविषयी ऐकलेली गोष्ट पुढे सांगण्यापूर्वी ती खरी आहे का, हे पाहावे. कारण ती नसली, तरी सांगण्याने होऊ शकते.