व्हॉल्व्हच्या टोपीखाली

गाडी धुऊन-पुसून लखलखीत ठेवणारी मंडळी टायरमध्ये हवा भरून झाली की निश्चिंत होतात. ती हवा ज्या बोटाएवढ्या नळीतून आत जाते आणि जिच्या भरवशावर आत राहते, तिच्याकडे मात्र क्वचितच कोणी पाहतो. पंक्चरवाले तिला व्हॉल्व्ह म्हणतात. दिल्लीत नुसते 'वाल'.

दिल्लीत हिंदूरावची टेकडी उतरून मोरी गेट आणि काश्मिरी गेटकडे गेले की मोटारीच्या सुट्या भागांचा देशातला एक मोठा बाजार लागतो. (हे हिंदूराव म्हणजे कागलचे हिंदूराव घाटगे, बायजाबाई शिंदे यांचे बंधू. १८३५ मध्ये विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा खून झाल्यावर टेकडीवरचा त्याचा बंगला त्यांच्याकडे आला. आज तेथे महापालिकेचे रुग्णालय आहे. 'हिंदूराव चलो' असे रिक्षावाल्याला सांगणाऱ्या कित्येकांना आपण एका मराठी सरदाराचे नाव घेतो आहोत याची कल्पनाही नसते.) या बाजारात रबरी व्हॉल्व्ह अगदी किरकोळ किमतीला मिळतो. आणि तो किरकोळ असतो म्हणूनच गडबड होते. चार नव्या टायरांचे हजारो रुपये मोजणारा गृहस्थ जुनेच व्हॉल्व्ह राहू देतो. दुकानदार विचारत नाही, हा सांगत नाही.

व्हॉल्व्हची रचना सोपी आहे. बाहेर नळी, आत स्प्रिंगची बारीक पिन आणि वर टोपी. अमेरिकेत श्रेडर यांनी १८९३ साली पेटंट घेतलेली ही युक्ती आजही जवळपास तशीच चालते. ट्यूबच्या टायरमध्ये नळी ट्यूबलाच जोडलेली असते. ट्यूबलेसमध्ये ती रिमच्या भोकात घट्ट बसवलेली असते. बहुतेक मोटारींत ती रबरी असते आणि रबराला वय असते. ऊन, चाकाची उष्णता आणि हवेतला ओझोन यांनी ते तडकते. वाहनांच्या धुरातले वायू आणि कडक ऊन यांच्या संयोगाने जमिनीलगत ओझोन तयार होतो, म्हणजे दिल्लीच्या उन्हाळ्यात त्याला तोटा नाही. रबराचे मिश्रणच सदोष असेल तर नवा व्हॉल्व्हही लवकर तडकतो. त्यामुळेच २००८ मध्ये अमेरिकेत लाखो रबरी व्हॉल्व्ह परत मागवावे लागले होते. तेव्हा घेताना सुटा, बिननावाचा माल घेऊ नये.

तपासणी घरच्या घरी होते. टोपी काढा, वाटीत साबणाचे पाणी करा आणि नळीच्या तोंडावर दोन थेंब सोडा. बुडबुडा आला तर पिन गळते आहे. ती दुकानात हलकेच आवळून किंवा बदलून मिळते, पाच मिनिटांचे काम. नंतर नळी बोटाने किंचित वाकवून बुडाशी पाणी लावा. तेथे भेगा दिसल्या किंवा फेस आला तर पिन बदलून उपयोग नाही, व्हॉल्व्हच बदलायला हवा. त्यासाठी टायरची कड रिमपासून सोडवावी लागते. तो त्रास वाचवण्यासाठी कोणी बुडाशी चिकटपट्टी किंवा डिंक लावून देऊ लागला तर सरळ नाही म्हणावे. स्कूटर-मोटरसायकलवाल्यांनी आणखी एक पाहावे: नळी सरळ उभी न राहता तिरकी झाली असेल तर कमी हवेत गाडी चालल्याने ट्यूब रिममध्ये सरकली आहे. पुढे ती बुडाशी फाटते, आणि मग ट्यूबच नवी घ्यावी लागते.

गंजाचे प्रकरण धातूच्या नळीचे. हल्ली टायरमधील हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा असलेल्या पुष्कळ गाड्यांत अॅल्युमिनियमची नळी असते. तिच्यावर पितळेची टोपी किंवा आत साधी पितळेची पिन बसवली की दोन धातू आणि ओलावा मिळून बॅटरीसारखाच व्यवहार सुरू होतो, आणि झिजते ते अॅल्युमिनियम. पांढरी पूड दिसली की समजावे. कोकणात खाऱ्या हवेने हे फार लवकर होते. टोपी नळीला जणू वितळून चिकटते. अशी टोपी घरासमोर पक्कड लावून पिळू नये. टोपीबरोबर नळीच मोडून हातात येते आणि क्षणात चाक बसते. गंज सोडवणारे तेल लावून थांबावे, नळी एका पकडीने धरून टोपी दुसरीने हळूच फिरवावी, आणि हे सारे टायरच्या दुकानात करावे, म्हणजे मोडलीच तर नवी लगेच बसते. अशा नळीत निकेलचा मुलामा दिलेली पिन घालावी. टोपी प्लास्टिकची बरी. चकचकीत धातूच्या टोप्या शोभेला छान दिसतात, पण मी तरी त्या कुणाला घ्या म्हणणार नाही.

हे सगळे एवढे मनावर का घ्यायचे? गळणारा व्हॉल्व्ह क्वचितच एकदम दगा देतो. तो रोज थोडी हवा सोडतो आणि गावात ते जाणवत नाही. पण २०१२ साली सुरू झालेला दिल्ली-आग्रा यमुना एक्सप्रेस वे किंवा आपला नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग यांसारख्या लांबलचक सिमेंटच्या रस्त्यावर, मे महिन्याच्या दुपारी, मुलेबाळे आणि सामान घेऊन शंभराच्या वेगाने जाताना कमी हवेच्या टायरच्या बाजू सतत दुमडत राहतात, आतून तापतात आणि टायर फुटतो. फुटलेल्या टायरला दोष मिळतो. व्हॉल्व्ह कोणी पाहत नाही.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी टायर थंड असताना हवा मोजा. दोन आठवड्यांत एकच चाक इतरांपेक्षा पुन्हा पुन्हा कमी भरत असेल आणि खिळा सापडत नसेल तर साबणाची वाटी व्हॉल्व्हकडे न्या. जादा चाकही विसरू नका. कित्येक गाड्यांत ते मागे खाली टांगलेले असते आणि पावसाळाभर चिखल खाते. २०२० च्या नियमबदलानंतर काही गाड्यांत तर ते मिळतच नाही, नुसता दुरुस्तीचा संच मिळतो. आणि त्या संचाने टायरमधले भोक बुजते, मोडलेला व्हॉल्व्ह नव्हे.