६२ पैकी ५९ मुलं बरी झाली, तरी कंपनीने ही थेरपी का सोडली?

ऑक्टोबर २०२५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक निकाल छापून आला. एडीए-स्किड नावाचा आजार घेऊन जन्मलेल्या ६२ मुलांना २०१२ ते २०१९ या काळात जीन थेरपी दिली होती. त्यातल्या ५९ मुलांची प्रतिकारशक्ती उभी राहिली आणि टिकली. उरलेल्या तिघांवर ती चालली नाही, पण सगळी ६२ मुलं जिवंत आहेत. उपचार न मिळाल्यास हा आजार बहुतेक बाळांना दोन वर्षांचंही होऊ देत नाही, हे लक्षात घ्या म्हणजे आकड्याचं वजन कळेल.

या कामामागचं मोठं नाव म्हणजे कॅलिफोर्नियातल्या यूसीएलए विद्यापीठाचे डॉ. डोनाल्ड कोन. आधी आजार समजून घेऊ. एडीए हे एक एन्झाइम. त्याचा जीन बिघडलेला असला की शरीरात विषारी घटक साठतात आणि पांढऱ्या पेशींमधल्या लढाऊ पेशी मरतात. मग साधी सर्दीसुद्धा बाळाच्या जिवावर बेतते.

उपाय ऐकायला सायन्स फिक्शन वाटतो. बाळाच्याच बोन मॅरोमधल्या स्टेम सेल बाहेर काढायच्या. एचआयव्हीच्या कुळातला, पण आजार पसरवण्याची ताकद काढून टाकलेला व्हायरस घ्यायचा आणि त्याच्यातून चांगला जीन त्या पेशींमध्ये पोचवायचा. बाळाला केमोथेरपीचा हलका डोस देऊन मॅरोत जागा करायची आणि पेशी परत सोडायच्या. हो, एचआयव्हीच. ज्या व्हायरसने प्रतिकारशक्ती संपवली, त्याचाच सांगाडा इथे डिलिव्हरी बॉय झालाय. पेशी स्वतःच्याच असल्यामुळे डोनर शोधायची भानगड नाही. २००० च्या आसपास पॅरिसमध्ये अशाच दुसऱ्या एका आजारावर जुन्या प्रकारचा व्हायरस वापरला होता, तेव्हा काही मुलांना ल्युकेमिया झाला. या ६२ मुलांमध्ये तसं झालेलं नाही.

मग अडलं कुठे? गिऱ्हाइकांच्या संख्येवर. हा आजार २ लाख ते १० लाख जन्मांमागे एखाद्या बाळाला होतो. ऑर्चर्ड थेराप्युटिक्स या कंपनीने कोन यांच्या थेरपीचा परवाना घेतला, नंतर काम थांबवलं आणि परवाना विद्यापीठाला परत केला. थेरपी फेल गेली म्हणून नाही, धंद्याचं गणित बसेना म्हणून. युरोपातही तेच. याच आजारावरची स्ट्रिमवेलिस ही थेरपी २०१६ मध्ये मंजूर झाली, किंमत ५ लाख ९४ हजार युरो, मिळणार फक्त मिलानच्या एका हॉस्पिटलात. ती आधी जीएसकेकडे, मग ऑर्चर्डकडे आणि शेवटी २०२३ मध्ये तेलेथॉन या इटलीतल्या सेवाभावी संस्थेकडे गेली. युजर कमी म्हणून ॲप बंद झालं तर आपण दुसरं टाकतो. इथे दुसरं ॲप नसतं. मला तर वाटतं, एवढ्या दुर्मिळ आजारांसाठी बाजाराची वाट बघणंच चूक आहे. तेलेथॉनसारख्या संस्था किंवा सरकारं हाच रस्ता.

आता आपल्याकडचं बघू. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या नेक्सकार-१९ या कॅन्सरवरच्या थेरपीला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. तिच्यातही रुग्णाच्या पेशी बाहेर काढून अशाच व्हायरसने बदलतात, आणि किंमत परदेशी थेरपीच्या कितीतरी खाली आहे. म्हणजे हे तंत्र आपल्याला परकं नाही. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणाच्या यादीत स्किड आहे. त्यात ठरलेल्या केंद्रांमार्फत ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. मुंबईचं केईएम त्यातलं एक केंद्र.

पण आजार वेळेत कळायला तर हवा! अमेरिकेत २०१८ च्या अखेरीपर्यंत सगळ्या राज्यांत नवजात बाळांची स्किडसाठी तपासणी सुरू झाली होती. त्यासाठी टाचेतून घेतलेला रक्ताचा थेंब पुरतो. आपल्याकडे अशी देशभर तपासणी नाही, आणि जन्मल्या जन्मल्या बीसीजीची लस मात्र दिली जाते. त्या लसीतला जिवंत जंतू निरोगी बाळाला काही करत नाही, स्किडच्या बाळाच्या अंगभर पसरू शकतो. शिवाय हा दोष आई आणि वडील दोघांकडून यावा लागतो, त्यामुळे मामाच्या मुलीशी लग्न झालेल्या घरांत धोका वाढतो. अशा घरात आधी एखादं तान्हं बाळ वारंवार इन्फेक्शन होऊन गेलं असेल, तर पुढच्या बाळाला बीसीजी टोचण्याआधी ते डॉक्टरांना सांगा आणि प्रतिकारशक्तीची तपासणी मागून घ्या.