अंगण कोणाचे, चौकट कोणाची?

सार्वजनिक जागेत वावरणाऱ्या माणसाने आपली प्रतिमा जगाच्या स्वाधीनच केलेली असते, हे गृहीतक अनोळखी माणसांची नकळत छायाचित्रे टिपण्याच्या समर्थनामागे उभे असते. कायदा मनाई करीत नाही म्हणून कृती निर्दोष, आणि कृती निर्दोष म्हणून तिच्यातून निपजणारी कलाकृतीही निर्दोष, अशी ही तर्कसाखळी आहे. प्रतिनिधित्वाच्या प्रश्नावर दशकानुदशके वाद घालणाऱ्या मराठी समीक्षेने ती निमूटपणे चालू द्यावी, हे अधिक लाजिरवाणे आहे.

शाहूवाडी तालुक्याचे उदाहरण पुरेसे आहे. जुलै १६६० मध्ये शिवाजी महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे गेले. त्या वाटेने आता दर पावसाळ्यात पदभ्रमण करणाऱ्यांचे जथे पावनखिंडीकडे जातात. वाटेत वाड्या-वस्त्या आणि धनगरवाडे लागतात. चिखलात वाकून रोपे लावणारी बाई, गुरांमागचा म्हातारा, दारातली पोरे कॅमेऱ्यात जातात आणि 'निरागस', 'काटक', 'डोंगराची लेकरे' अशा मथळ्यांखाली बाहेर पडतात. पाहुण्याला जी सार्वजनिक वाट वाटते ते त्या बाईचे अंगण असते, शेत असते. ती 'सार्वजनिक जागेत' आलेलीच नसते; सार्वजनिकता तिच्या दारात चालत आलेली असते. शहरातला माणूस भिंतीआड जाऊ शकतो. जिचे धुणे, दळण, लावणी सारे उघड्यावर, तिला आड जाण्याची सोय नाही. खाजगीपणा भिंतीवरून ठरवायचा, तर तो भिंत परवडणाऱ्याचाच हक्क उरतो.

कायद्याचा आधारही समजला जातो तितका भक्कम नाही. सार्वजनिक ठिकाणी छायाचित्र घेण्यास सरसकट बंदी करणारा कायदा भारतात नाही, हे खरे. परंतु पुट्टस्वामी खटल्यात २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो व्यक्तीला चिकटलेला असतो आणि केवळ सार्वजनिक ठिकाणी असल्याने लोपत नाही, ही भूमिकाही त्या निकालपत्रात मांडली गेली. उलट १९५७ चा स्वामित्वहक्क कायदा छायाचित्र घेणाऱ्यालाच त्याचा कर्ता मानतो. ज्याचा चेहरा, त्याच्या वाट्याला त्या कायद्यात काहीच येत नाही. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये वेगळा मार्ग धरला. मॉन्ट्रियलमध्ये एका इमारतीच्या पायऱ्यांवर बसलेल्या सतरा वर्षांच्या मुलीचे छायाचित्र तिच्या संमतीवाचून छापले गेले होते. न्यायालयाने तिला दोन हजार डॉलरची भरपाई मान्य केली. छापणारे नियतकालिक कलाविषयक होते, ही बाब मराठी नियतकालिकांनी विसरू नये.

यावर साहित्यिक प्रतिवाद ठरलेला आहे: 'माणदेशी माणसं' लिहिणारे व्यंकटेश माडगूळकरही जिवंत माणसांच्याच आधाराने लिहीत होते, मग कॅमेऱ्यालाच दोष का? ही तुलना फसवी आहे. शब्दचित्रात शब्दागणिक लेखकाची दृष्टी उघडी पडते; वाचक तिच्याशी भांडू शकतो. छायाचित्र मात्र आपला कर्ता लपवून पुराव्याच्या थाटात उभे राहते, आणि मथळा त्या पुराव्यावर निकाल देऊन मोकळा होतो. शिवाय लेखकाचीही या जबाबदारीतून सुटका नाहीच. दलित साहित्याच्या चर्चेने हा धडा मराठीला केव्हाच दिला आहे.

दुसरा प्रतिवाद गंभीर आहे. संमतीची अट सर्वत्र लादली, तर १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची सुनील जाना यांची छायाचित्रे कुठून आली असती? याच शाहूवाडीत जुलै २०२४ मध्ये गजापुरातील घरांवर आणि मशिदीवर हल्ला झाला. त्याच्या चित्रफिती मुंबई उच्च न्यायालयापुढे आल्या. हल्लेखोरांची संमती घेऊन त्या काढायच्या होत्या काय? अर्थातच नाही. बळाचा वापर करणारा आपल्या कृतीला उत्तरदायी असतो. भात लावणारी बाई कोणत्या कृतीला उत्तरदायी आहे? दुष्काळपीडिताच्या छायाचित्रामागेही एक आरोप होता आणि तो सत्तेवर होता. 'डोंगराच्या लेकरां'मागे आरोप नाही, केवळ आस्वाद आहे.

म्हणून प्रश्न कायद्याच्या परवानगीपाशी संपत नाही, तेथे तो सुरू होतो. ग्रामीण कादंबरीतील पात्राच्या अस्सलपणावर पानेच्या पाने खर्चणाऱ्या समीक्षकाने त्याच कादंबरीच्या मुखपृष्ठावरचा चेहरा कोणाचा, त्या व्यक्तीला विचारले होते काय आणि ते पुस्तक तिच्या हाती पडले काय, हेही विचारले पाहिजे. तेवढे विचारण्याची तयारी नसेल, तर प्रतिनिधित्वाची चर्चा हा चौकटीबाहेर सुखरूप उभ्या असलेल्यांचा बौद्धिक विरंगुळाच ठरतो.