मॅट सुटी विकता, मग थर्मोस्टॅट कोण देणार?

थंडी सरली आणि नेहमीची पत्रं आली. बॉल पायथनच्या पिल्लाच्या पोटावर तपकिरी डाग पडलेत, खवले उचललेत, कोणतं मलम लावू? मलम पशुवैद्यक सांगतील, त्यांच्याकडे आजच जा. आमचा प्रश्न वेगळा आहे: टबाखाली ठेवायच्या गरम मॅटला थर्मोस्टॅट होता का? उत्तर ठरलेलं असतं. ‘दुकानदार म्हणाला, मॅट ऑटो-कट आहे.’

कितव्या अंशाला कट? वाचकांनी पाठवलेल्या फोटोंत खोक्यावर सरड्याचं चित्र आहे, वॅट छापलेत. ना त्या अंशाचा उल्लेख, ना बनवणाऱ्याचा पत्ता. मोकळ्या हवेत बेताची तापणारी मॅट टबाखाली दाबली आणि वर चार बोटं कोकोपीट अंथरलं, की उष्णता कोंडते आणि पारा चाळिशीच्या पुढे जातो. पिल्लू नेमकं ते कोकोपीट उकरून तळाला जाऊन बसतं. चटका बसला की साप आपोआप सरकेल, असं समजणारे अजून भेटतात. तो सरकत नाही, तिथेच भाजत राहतो.

थर्मोस्टॅट लावणाऱ्यांनीही लगेच खूश होऊ नये. त्याचा प्रोब, म्हणजे तापमान ओळखणारं टोक, टबात मोकळा सोडलेला असतो. पिल्लानं ढकलला, पाण्याच्या भांड्यात पडला, प्रोबला गार लागलं आणि मॅट रात्रभर चालूच. प्रोब मॅट आणि टबाचा तळ यांच्यामध्ये पक्का चिकटवा. मग उबदार बाजूच्या हाइडमधला, म्हणजे लपायच्या जागेतला, तळ वेगळ्या डिजिटल थर्मामीटरनं मोजा: तिथे 31-32 अंश, गार बाजूला 25-26. मॅट तळाच्या एक-तृतीयांश भागापुरतीच हवी, नाहीतर पिल्लानं जायचं कुठे? काचेवर डकवायचे गोल काट्याचे मीटर कचऱ्यात टाका. आणि लहान मॅट जेमतेम दहा-पंधरा वॅट खाते, वीज गेली तरी इन्व्हर्टरवर चालते. घरात इन्व्हर्टर असलेल्यांनी तरी ‘लाइट गेली म्हणून पिल्लानं भक्ष्य ओकलं’ असं लिहू नये.

आता सरकारी बाजू. 2024च्या नियमांनुसार वन्यजीव संरक्षण कायद्याच्या चौथ्या अनुसूचीतल्या विदेशी प्राण्यांची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करायची, पिल्लं झाली तर तीही कळवायची. तस्करी रोखायला कागद हवेतच, त्याबद्दल तक्रार नाही. पण दोन वाचक लिहितात की पाहणीला आलेल्यांनी कागद तपासले, सापाचा फोटो काढला, टबाखालून निघालेल्या वायरीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिसऱ्याला तर सल्ला मिळाला, ‘साप गरम लागतोय, पंखा लावा.’ डिसेंबरात! कॉर्न स्नेक ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय वन्यजीव व्यापार कराराच्या परिशिष्टांत नाही, म्हणून चौथ्या अनुसूचीतही नाही, त्यामुळे त्याच्याकडे कोणी फिरकतही नाही; त्याची कातडी काही वेगळी भाजत नाही. प्राणी कुणाचा हे विचारणाऱ्यांनी तो कशावर बसलाय हेही एकदा विचारावं, इतकीच मागणी आहे.

अधिकाऱ्यांवर सगळं ढकलून आपण मोकळे होऊ नये. वेगळ्या रंग-नक्षीच्या मॉर्फसाठी हजारो रुपये मोजणारे वाचक थर्मोस्टॅटच्या किमतीवर घासाघीस करतात आणि वर ‘आमच्याकडे वर्षभर काही झालं नाही’ असं ऐकवतात. नाशिक-पुण्याच्या जानेवारीत ज्यांनी मॅट लावली, त्यांनी तीच एप्रिलमध्ये तशीच चालू ठेवली तर काय होईल, याचा हिशेब त्यांनीच करावा.

पुढच्या अंकापासून थर्मोस्टॅटशिवाय मॅट विकणाऱ्या कोणत्याही दुकानाची जाहिरात या मासिकात येणार नाही. उत्पन्न घटेल, घटू दे. विक्रेत्यांनी जोडी विकावी. ग्राहकानं थर्मोस्टॅटचं मॉडेल बिलावर लिहून घ्यावं, दुकानदार टाळाटाळ करत असेल तर बाहेर पडावं. आणि हा अंक खाली ठेवल्यावर आधी प्लग काढा, टब उचला. मॅट पिवळी पडली असेल, कडेला फुगली असेल, वायर कडक झाली असेल, तर तो प्लग पुन्हा लावू नका.