परवानगीचा कागद चौकात लावा
सोलापूर शहर पोलीस आयुक्तांना खुले पत्र

मा. पोलीस आयुक्त,
सोलापूर शहर यांस,



मोर्चा, सभा आणि पोलीस हे तीन शब्द एकत्र आले की पत्र लिहिणारा एकतर बंदी मागतो, नाहीतर मोकळीक. मी दोन्ही मागत नाही. माझी मागणी एका कागदाची आहे, आणि तो तुमच्याच कार्यालयात तयार होतो.

6 जानेवारी 2024, शनिवार. तेव्हा या खुर्चीत तुम्ही नव्हता, पण खुर्ची तीच आहे, म्हणून तुम्हालाच लिहितो. सकल हिंदू समाजाच्या नावाने शहरात हिंदू जनआक्रोश मोर्चा निघाला आणि राजेंद्र चौकात सभा झाली. भाजपचे आमदार नितेश राणे आणि हैदराबादच्या गोशामहलचे आमदार टी. राजासिंह तिथे बोलले. मधला मारुती परिसरात दुकानांवर दगडफेकीचे प्रकार घडले. भाषणांबद्दल जेलरोड पोलीस ठाण्यात दोन्ही आमदारांवर आणि आयोजकांवर गुन्हा दाखल झाला.

मधला मारुतीला तुम्ही बंदोबस्ताच्या नकाशात पाहत असाल. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तिथून एकदा साध्या कपड्यात चालत जा. संक्रांत तोंडावर आलेली असते. सुगड्यांच्या उतरंडी रस्त्यावर मांडलेल्या असतात, बोरं, हरभऱ्याचे घाटे, उसाची कांडकी, हलव्याचे दागिने. बांगड्या भरणारा कुणी, बांगड्या घेणारी कुणी. सुगडी वर्षातून एकदाच विकली जातात. तो आठवडा हुकला की कुंभाराने ती पुढच्या संक्रांतीपर्यंत घरात रचून ठेवायची. अशा बाजारात एक दगड पडला, तर फुटलेल्या काचेचा पंचनामा होतो. पण धडाधड शटर खाली आल्यावर ज्याची पाटी संध्याकाळपर्यंत तशीच भरलेली राहिली, त्याचा पंचनामा कुठल्याच ठाण्यात होत नाही. आणि त्या पाटीवाल्यांत सगळ्या धर्मांचे लोक असतात.

आता मोर्च्यात आलेल्यांविषयी. ती पोरं आमचीच आहेत. गिरण्या बंद पडल्या : जुनी मिल गेली, नरसिंग गिरजी गेली, लक्ष्मी-विष्णूही गेली. शिकलेला मुलगा पुण्याची गाडी पकडतो. जो मागे राहतो त्याच्या हातात वेळ भरपूर असतो आणि त्याच्या रागाला पत्ता नसतो. तो पत्ता कुणीतरी बाहेरून येऊन लिहून देतो. त्या मुलाने रस्त्यावर येऊ नये असे मी म्हणणार नाही. धर्मांतराविरुद्ध कायदा करा, अमुक जमिनीची चौकशी करा, अशी मागणी करणे हा त्याचा हक्क आहे. मला ती मागणी पटत नाही, हा माझा प्रश्न. पण नोव्हेंबर 2022 मध्ये परभणीपासून सुरू झालेल्या या मोर्च्यांच्या मालिकेत मागणी मागे पडून अमक्यांच्या दुकानातून काही घेऊ नका ही हाक वारंवार पुढे आली. सरकारकडे काही मागणे वेगळे आणि शेजाऱ्याच्या पोटावर पाय द्यायला सांगणे वेगळे. हा फरक तुमच्या हवालदारालाही कळतो. तो कागदावर उतरत नाही, एवढेच.

बंदी का मागत नाही, तेही सांगतो. 12 मे 1930 ला या शहरात मार्शल लॉ लागला. त्याआधीचे काही दिवस इंग्रजांचा अंमल इथून उठल्यासारखाच होता आणि काँग्रेसचे स्वयंसेवक शहर सांभाळत होते. मार्शल लॉ आल्यावर तिरंगा लावणे हा गुन्हा ठरला, गांधी टोपी घालणे संकटाचे झाले. पुढे 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात चौघे फासावर गेले : मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. एक लिंगायत, एक मुसलमान, एक मराठा, एक मारवाडी. कुणी ठरवून यादी केली असती तरी इतकी सोलापुरी झाली नसती. कुर्बान हुसेन ‘गझनफर’ नावाचे पत्र चालवत. म्हणजे सरकारच्या लेखी भडकाऊ लिहिणारा माणूसच. मोर्चा काढायला, झेंडा लावायला बंदी म्हणजे काय, हे ज्या गावाने असे पाहिले, त्या गावातल्या माणसाने आयुक्तांच्या दारात जाऊन दुसऱ्याच्या मोर्च्यावर बंदी मागू नये, असे मला वाटते. जनआक्रोश मोर्चा आणि 2024 चा हुतात्मा दिन यांत सहाच दिवसांचे अंतर होते. पुतळ्यांना हार घालायला सगळेच पक्ष आले असणार. येतातच.

बाहेरचाही एक दाखला आहे. 4 ऑक्टोबर 1936 ला लंडनच्या ईस्ट एंडमध्ये, ज्यू वस्तीतून, फॅसिस्ट पुढारी ऑस्वाल्ड मोस्लीच्या काळ्या सदऱ्यांची मिरवणूक निघणार होती. तिला वाट करून द्यायला हजारो पोलीस लावले होते. केबल स्ट्रीटवर ज्यू शिंपी, आयरिश गोदी कामगार, कम्युनिस्ट असे सगळे आडवे आले, अडथळे रचले, आणि मिरवणूक पोलिसांनाच मागे फिरवावी लागली. आमच्याकडचे पुरोगामी मित्र ही गोष्ट इथपर्यंतच सांगतात. पुढची गोष्ट अशी की त्याच वर्षी ब्रिटनने पब्लिक ऑर्डर ॲक्ट केला, राजकीय गणवेशावर बंदी आणली, मिरवणुका रोखायचे अधिकार पोलिसांना दिले. आणि 1984 च्या संपात तोच कायदा खाणकामगारांवर चालला. आपल्याकडेही जुलै 2025 मध्ये विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले, ते ‘कडव्या डाव्या’ संघटनांचे नाव घेऊन. कडव्या उजव्यांचा त्यात उल्लेख नाही. हत्यार कुणाच्या हातात आहे यावर ते कुणावर चालणार हे ठरते, म्हणून मी नवे हत्यार मागत नाही.

मग विरोध करणाऱ्यांनी काय करायचे? खरी अडचण इथे आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37(3) खाली निघणारा पंधरा दिवसांचा जमावबंदी आदेश शहरांमध्ये वर्षातला बराच काळ लागूच असतो. म्हणजे रस्त्यावर यायचे तर परवानगी हवीच. ज्याने आधी अर्ज केला, त्याला रस्ता मिळतो. त्याला उत्तर म्हणून सद्भावना फेरी काढायची म्हटली की उत्तर ठरलेले : ‘वातावरण तापलेले आहे, तूर्त नको.’ तापवले कुणी, हा प्रश्न त्या उत्तरात बसत नाही. वर कार्यकर्त्यांच्या घरी जुन्या कलम 149 ची, आता नागरिक सुरक्षा संहितेतल्या 168 ची, नोटीस येते. तुमच्याकडून काही घडल्यास तुम्हाला जबाबदार धरू, असा तिचा मजकूर. राज्यभरातल्या आंदोलकांना तो पाठ आहे. फेरी निघण्याआधीच तिचे लोक संशयित ठरतात.

साहेब, दुसरा मोर्चा नाकारल्याने शांतता राहते, हा समज नागपूरने खोटा पाडला. 17 मार्च 2025 ला दुपारी महाल भागात औरंगजेबाच्या कबरीविरोधात विश्व हिंदू परिषद आणि बजरंग दलाची निदर्शने झाली. मग कुराणातल्या आयती लिहिलेली चादर जाळल्याची अफवा पसरली. संध्याकाळी दुसरा जमाव रस्त्यावर आला, आणि तो कुणाचीही परवानगी घेऊन आला नव्हता. संचारबंदी लागली, जखमी झालेल्यांतला एक जण पुढे दगावला. ज्या रागाला दिवसाउजेडी, ठरलेल्या रस्त्याने, नाव-पत्ता देऊन चालायला जागा मिळत नाही, तो रात्री गल्लीतून येतो. असा राग दिवसाउजेडी चालताना सोलापूरने पाहिला आहे. जून 2022 मध्ये नूपुर शर्मांच्या प्रेषितांविषयीच्या वक्तव्याविरुद्ध मुस्लिम समाजाचा प्रचंड मोर्चा जिल्हाधिकारी कार्यालयावर गेला. त्यातल्या घोषणाही सगळ्याच मला आवडण्यासारख्या नव्हत्या. फूटपट्टी लावायची तर तिथेही तीच लावा.

आता कागद. मोर्च्याला परवानगी देताना तुम्ही अटी घालता : मार्ग, वेळ, ध्वनिक्षेपक, भाषणात काय नको. अर्जावर कुणाची तरी सही असते. ‘सकल समाज’ या नावाला पत्ता नसेल, सही करणाऱ्याला असतो. तो अटींचा कागद मोर्च्याच्या दोन दिवस आधी शहरासमोर ठेवा. कन्ना चौकात लावा, मधल्या मारुतीला लावा, मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दूत लावा, कारण हे गाव या चारही भाषांत घाबरते. कुठला मोर्चा कुठून, किती वाजता जाणार, बोलणार कोण आणि कुणाच्या जबाबदारीवर, हे दुकानदाराला आधी कळू द्या. विरोधातल्या सभेलाही तसाच कागद द्या. वेळ वेगळी असू दे, जागा वेगळी असू दे; एकाला राजेंद्र चौक, दुसऱ्याला पूनम गेट. अटी मात्र शब्दाला शब्द त्याच.

यात मी काही नवे सांगत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 3 फेब्रुवारी 2023 ला सकल हिंदू समाजाच्याच मुंबईतल्या सभेबाबत द्वेषपूर्ण भाषण होऊ न देण्याची आणि चित्रीकरणाची जबाबदारी पोलिसांवर टाकली. 28 एप्रिल 2023 ला सगळ्या राज्यांना सांगितले की अशा भाषणावर तक्रारीची वाट न पाहता, बोलणाऱ्याचा धर्म न पाहता गुन्हा नोंदवा, कुचराई झाली तर ती न्यायालयाची अवमानना. सोलापूरच्या सभेनंतर अकरा दिवसांनी, 17 जानेवारी 2024 ला, त्याच न्यायालयाने यवतमाळ आणि रायपूरच्या अधिकाऱ्यांना आगामी सभांबाबत खबरदारी घ्यायला, गरज पडल्यास कॅमेरे लावायला बजावले. रायपूरचे वक्ते पुन्हा टी. राजासिंहच. आदेश पुरेसे आहेत. त्यातून झालेले चित्रीकरण कुठे आहे, ते कुणी पाहिले आणि त्यावर काय टिपण लिहिले, एवढेच सांगायचे राहते.

गुन्हा दाखल होणे ही बातमी दोन दिवस चालते. पुढचे कुणी विचारत नाही, म्हणून मी विचारतो. दोन समाजांत तेढ लावण्याचे कलम, जुने 153अ, आता न्याय संहितेतले 196. त्याखाली खटल्याची दखल घ्यायला न्यायालयाला आधी सरकारची मंजुरी लागते. म्हणजे तुमच्या अधिकाऱ्याने तपास पूर्ण केला तरी कागद मंत्रालयात जाऊन बसतो. 6 जानेवारीच्या वक्त्यांपैकी एक डिसेंबर 2024 पासून त्याच मंत्रिमंडळात मंत्री आहेत. मंजुरी देणे तुमच्या हातात नाही, हे मी जाणतो. पण प्रस्ताव कधी पाठवला, कुठे आहे, दुकानांवरच्या दगडफेकीत दोषारोपपत्र कधी दाखल झाले, हे सांगणे तुमच्याच हातात आहे. जून 2022 असो की जानेवारी 2024, मोर्च्यांवरून झालेल्या प्रत्येक गुन्ह्याची स्थिती एका पानात बसेल. ते पान संकेतस्थळावर टाका. दोन्ही बाजूंचे लोक ते वाचून नाराज होतील, आणि ते बरेच आहे.

तुमच्या खात्याला हे जमणार नाही, असे कुणी म्हणाले तर मी मानणार नाही. दर जानेवारीला सिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज अडुसष्ट लिंगांच्या भेटीला निघतात. पांढऱ्या बाराबंदीतली हजारो माणसे, अरुंद पेठा, विजेच्या तारा, बायका-पोरांनी भरलेले कट्टे. त्या मिरवणुकीचा मार्ग, वेळ आणि थांबे शहराला तोंडपाठ असतात आणि तुमचे लोक पहाटेपासून उभे असतात. जे गाव एवढी मोठी मिरवणूक पार पाडते, त्याला दोन मोर्चे एका आठवड्यात सांभाळणे जड का जावे?

शेवटी एक आठवण करून देतो. जनआक्रोश मोर्च्यानंतर तेराव्या दिवशी, 19 जानेवारी 2024 ला, पंतप्रधान सोलापुरात आले आणि कुंभारीच्या रे नगरमधल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या दिल्या. नरसय्या आडम मास्तरांनी वर्षानुवर्षे पायपीट करून उभी केलेली ती तीस हजार घरांची वसाहत. विडी कामगार बाई, यंत्रमाग कामगार, कचरा वेचणारी, रिक्षावाला यांची. घरे धर्म विचारून वाटलेली नाहीत. शहरात मोर्चा असला की विडीवाली बाई बांधलेल्या विड्या कारखान्यात घेऊन जात नाही आणि तिची मजुरी अडकते. यंत्रमाग बंद राहिला की पीसवर काम करणाऱ्याचा दिवस बुडतो. एका जिन्यावर राहणाऱ्या या माणसांना पुढचा मोर्चा कुठून जाणार हे शेजाऱ्याच्या मोबाईलवर फिरणाऱ्या चित्रफितीतून कळू नये. तुमच्या सहीच्या कागदावरून कळावे.

पुढचा अर्ज तुमच्या टेबलावर केव्हाही येईल, कदाचित आलाही असेल. त्याच्यावर परवानगीचा शिक्का मारताना एक प्रत जास्तीची काढायला सांगा.

आपला,
एक सोलापूरकर