चित्रपट-विचार : प्रेक्षक कशास हंसले?

विनोदी चित्रपटाविषयीं मत विचारलें असतां बहुतेक प्रेक्षक "हंसूं आलें" किंवा "हंसूं आलें नाहीं" एवढेंच सांगून मोकळे होतात. शोकान्त नाटकाची चिकित्सा करावयास आपण रात्ररात्र बसतों. प्रहसनाची चिकित्सा सहसा कोणी करीत नाहीं. आम्हांस मात्र असें वाटत आलें आहे कीं, माणूस कशानें रडतो यापेक्षां तो कशास हंसतो यावरून त्याच्या घराची ओळख अधिक पटते. ह्या महिन्यांत ज्या चित्रपटाविषयीं लिहावयाचें योजिलें आहे, त्यावरील प्रेक्षकांचीं मतें ऐकतांना ही गोष्ट पुन्हा एकदां ध्यानांत आली.

चित्रपट अमेरिकेंतला, २००१ सालचा, 'फ्रेंड्स अँड फॅमिली' ह्या नांवाचा. दिग्दर्शिका क्रिस्टन कूरी. न्यूयॉर्क शहरांत स्टीफन व डॅनी हे दोन तरुण एकत्र बिऱ्हाड करून राहतात. ते एकमेकांचे जोडीदार आहेत, आणि ही गोष्ट स्टीफनच्या आईबापांस पूर्ण ठाऊक आहे. एवढेंच नव्हे, तर त्यांनीं ती मनापासून मान्यही केली आहे. त्यांस ठाऊक नाहीं तें इतकेंच कीं, हे दोघे पोटापाण्यासाठीं माफियाच्या एका टोळीचे हस्तक म्हणून काम करतात. मेजवान्यांचीं कंत्राटें घेण्याचा आपला धंदा आहे, असें त्यांनीं घरीं सांगून ठेवलें आहे. पुढें आईबाप अचानक येऊन उभे राहतात, आणि मग टोळींतील आडदांड गुंडांना वाढप्यांचे पोशाख चढवून, समलिंगी पुरुषांसारखें चालावें-बोलावें कसें याची शिकवणी देण्याचा प्रसंग येतो. उपकथानकें आणखीही आहेत. परंतु फार्समधील उपकथानक कागदावर मांडलें कीं त्याचा जीव जातो, म्हणून तीं आम्ही सोडून देतों.

यावर प्रेक्षकांचीं मतें अगदीं दोन टोकांचीं. कित्येकांस हा चित्रपट दूरचित्रवाणीवरील हलक्याफुलक्या मालिकेसारखा वाटला : दारें उघडतात, दारें मिटतात, पात्रें ओरडतात आणि धांदल हीच करमणूक समजली जाते. हा आक्षेप बराचसा रास्त आहे. दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. ज्यांची बाजू चित्रपट घेऊं पाहतो त्यांच्याच मनगटाच्या मुरडण्याची व कमरेच्या लचक्याची नक्कल करून हंसूं मिळवावयाचें, हें बरें काय, असें पुष्कळजण विचारतात. उलट बाजूस असेही प्रेक्षक आहेत कीं ज्यांना ह्या साध्यासुध्या चित्रपटानें फार मोठा दिलासा दिला. त्यांचें म्हणणें एवढेंच कीं, आमच्यासारखीं माणसें ज्यांत नायक आहेत अशा चित्रपटांत शेवटीं कोणी मरत नाहीं, कोणी घराबाहेर काढला जात नाहीं, आणि आई स्वयंपाकघरांत तोंड लपवून रडत नाहीं, असें आम्हीं फारसें पाहिलें नव्हतें.

नकलेच्या आक्षेपाविषयीं आमचें मत थोडें निराळें आहे. ज्या दोघांच्या खांद्याला खांदा लावून हे गुंड रोज काम करतात, त्यांच्यापैकीं एकही तसा लचकत चालत नाहीं. तरीही सोंग घेण्याची वेळ आली तेव्हां त्या बहाद्दरांस तेंच चालणें शिकावें लागलें. डोळ्यांपुढील माणूस न पाहतां ऐकीव चित्र पाहण्याची ही जी खोड, तिच्यावर हंसूं येत असेल तर तें योग्य जागीं पडलें. मात्र दिग्दर्शिकेला तें प्रत्येक वेळीं तेथेंच पाडतां आलेलें नाहीं, हें कबूल केलें पाहिजे.

ह्या प्रकारच्या चित्रपटाचें कूळ शोधूं गेल्यास आपण १९५९ सालीं येऊन थांबतों. बिली वाइल्डर यांचा 'सम लाइक इट हॉट' आमच्या पुष्कळ वाचकांनीं पाहिला असेल. न पाहिला असल्यास १९७५ सालचा 'रफू चक्कर' हा त्याचा हिंदी अवतार तरी पाहिलाच असेल. १९२९ सालच्या शिकागोंत दोन वादक टोळीवाल्यांनीं केलेलें हत्याकांड नकळत पाहतात आणि जीव वांचविण्यासाठीं बायकांचा वेष घेऊन स्त्रियांच्या वाद्यवृंदाबरोबर फ्लॉरिडास पळतात. मूळ कल्पना १९३५ सालच्या एका फ्रेंच चित्रपटाची. १९५१ मध्यें ती जर्मन भाषेंत आली. त्यांत टोळीवाले नव्हते. ते वाइल्डर व त्यांचे सहलेखक आय्. ए. एल्. डायमंड यांनीं घातले, आणि त्यांतच सारें मर्म आहे. नुसत्या गमतीखातर लुगडें नेसलेला पुरुष दहा मिनिटांत कंटाळा आणतो. पण तें फेडलें तर गोळी लागेल असें झालें कीं प्रेक्षक दोन तास त्याच्या पदराकडे डोळे लावून बसतो. वाइल्डर स्वतः १९३३ सालीं हिटलरच्या जर्मनींतून जीव घेऊन निघालेले यहुदी होते. वेष पालटून जगणें म्हणजे काय, हें त्यांना कोणी शिकवावयास नको होतें.

ह्या चित्रपटावरील लोकमताचा इतिहास चित्रपटाइतकाच मनोरंजक आहे. प्रदर्शनापूर्वीं तो प्रथम एका चित्रगृहांत प्रेक्षकांस दाखविला तेव्हां सभागृह जवळजवळ गप्प बसलें. नंतर वेस्टवुड येथें विद्यार्थ्यांच्या गर्दीपुढें तोच दाखविला, तर छप्पर उडावें असा हंशा. कॅथलिकांच्या 'लीजन ऑफ डीसन्सी' ह्या संस्थेनें त्यास 'अंशतः आक्षेपार्ह' असा शेरा मारला. हॉलिवूडनें १९३० सालीं स्वतःच आखलेल्या व १९३४ पासून कडकपणें अंमलांत आणलेल्या नीतिसंहितेप्रमाणें समलिंगी प्रेमाचा नुसता सूचक उल्लेखही त्या वेळीं निषिद्ध होता. ही बंदी सैल झाली ती १९६१ मध्यें. अशा काळांत चित्रपटाच्या शेवटीं वाद्यवृंदांतील 'डॅफ्नी' आपला टोप काढून वृद्ध लक्षाधीशास सांगते कीं, अहो, मी बाई नाहीं, पुरुष आहें. आणि तो म्हातारा होडीचें सुकाणू न सोडतां, दोषरहित माणूस जगांत कोण असतो, अशा अर्थाचें एक शांत उत्तर देऊन हंसत राहतो! हें वाक्य डायमंड यांनीं तात्पुरतें सुचविलें होतें. अधिक चांगलें सुचेल म्हणून ठेवलें आणि तेंच राहिलें. वाइल्डर २००२ सालीं निवर्तले तेव्हां त्यांच्या थडग्यावर तें कोरण्यांत आलें.

म्हाताऱ्याच्या त्या उत्तराला लोक हंसले; पण एकाच कारणासाठीं नव्हे. १९५९ चा बहुसंख्य प्रेक्षक म्हाताऱ्याच्या खुळेपणास हंसला. परंतु त्याच सभागृहांत कोठें तरी मागल्या रांगेंत असा एखादा बसलेला असावा कीं ज्याला त्या उत्तरांत खुळेपणा मुळींच दिसला नाहीं. व्हिटो रूसो ह्या लेखकानें १९८१ सालीं 'द सेल्युलॉइड क्लोझेट' हें पुस्तक लिहून दाखवून दिलें कीं, जुन्या अमेरिकन चित्रपटांत असा पुरुष एक तर थट्टेचा विषय असे, नाहीं तर अकालीं मरणाचा धनी. ह्या दोन्ही वाटा टाळून एक म्हातारा नुसतें "असूं दे" म्हणतो, ही केवढी सवलत होती, तें आज समजतें. २००० सालीं अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटनें शंभर विनोदी चित्रपटांची यादी केली तींत हा पहिला. २०१७ सालीं बीबीसीनें बावन्न देशांतील समीक्षकांस विचारलें, तेव्हांही हाच पहिला. २०२२ सालीं ब्रॉडवेवर त्याचें नवें संगीत नाटक आलें. त्यांत 'डॅफ्नी'ला स्त्रीवेषांत आपलें खरें स्वरूपच सांपडतें, आणि त्या भूमिकेबद्दल जे. हॅरिसन घी यांस २०२३ चें टोनी पारितोषिक मिळालें. जुन्या रसिकांपैकीं कांहींनीं कुरकुर केली कीं, विनोद उलगडून सांगितला कीं गेला. रसिक म्हणून आम्हांस ती कुरकुर समजते. परंतु साठ वर्षें जो अर्थ मागल्या रांगेंत दडून बसला होता तो रंगमंचावर आला, यांत कोणाचें कांहीं हरवलें असें वाटत नाहीं.

मराठी प्रेक्षकाला वेषांतराचें कौतुक नवें नाहीं. बालगंधर्वांचा पदर व अंबाडा पाहून घरोघरच्या स्त्रियांनीं आपली नेसण सुधारली, ही पिढ्यान्‌पिढ्यांची आठवण आहे. आणि १९८८ सालचा 'अशी ही बनवाबनवी' आज नातवंडांनाही तोंडपाठ आहे. पण तेथें शेवटीं लुगडीं उतरतात, ज्याला त्याला आपापली नायिका मिळते, आणि प्रेक्षक निश्चिंत मनानें घरीं जातो. कोणाचें मन खरोखर कोणावर आहे, हा प्रश्न हंशाच्या आड सुखरूप राहतो.

'फ्रेंड्स अँड फॅमिली'नें तो आड काढला, आणि म्हणूनच त्याचे सगळे दोष मान्य करूनही आम्हांस तो महत्त्वाचा वाटतो. वाइल्डरच्या चित्रपटांत टोळीच्या भयानें सोंग घ्यावें लागतें. येथें टोळी हेंच सोंगाखालचें गुपित आहे. मुलाचा जोडीदार पुरुष आहे हें उघड, आणि मुलाचा धंदा झांकलेला. आमच्या घरांतील रीत बरोबर उलटी. चिरंजीव कोणत्या कंपनींत, हुद्दा कोणता, पगार किती, बढती कधीं, घराच्या कर्जाचा हप्ता किती, हें आजोबांपासून धाकट्या काकूंपर्यंत सर्वांस रुपया-आण्यापर्यंत पाठ असतें. ज्या गृहस्थाबरोबर चिरंजीव गेलीं सहा वर्षें एका छपराखालीं राहत आहेत, जो आजारपणांत उशाशीं बसतो आणि गणपतीला पेढ्यांचा पुडा घेऊन येतो, त्याच्याविषयीं मात्र "रूममेट आहे" ह्या दोन शब्दांपलीकडे कोणी विचारीत नाहीं. विचारीत नाहीं, कारण उत्तर ठाऊक नाहीं म्हणून नव्हे.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत हा चित्रपट सर्वांनीं मिळून पाहिला. घरांतील सर्वांत वडील बाई, वय सुमारें ऐंशी, शेवटपर्यंत गंभीरपणें पाहत होत्या. संपल्यावर त्यांनीं एकच शंका काढली : "दोन पोरं एकत्र राहतात, हें त्या बाईनें समजून घेतलें, तें ठीक. पण पोराच्या जेवणावळींत पातेलीं किती, आचारी कोण, हें तिनें एकदांही विचारलें नाहीं? ही कसली आई!" सर्वजण हंसले. चित्रपटावर आम्हीं ऐकलेल्या मतांत हेंच सर्वांत मार्मिक, कारण त्या बाईंनीं जें सहज "ठीक" म्हणून सोडून दिलें त्यासाठीं पुष्कळ घरांतून वर्षानुवर्षें अबोला चालतो. सर्वोच्च न्यायालयानें ६ सप्टेंबर २०१८ रोजीं अशा संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का पुसला. विवाहाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालांत मान्य केला नाहीं. न्यायालयांचें काम न्यायालयें करोत. दिवाळीच्या फराळास कोणास बोलवावें, हें त्यांच्या कक्षेंत येत नाहीं.

दोहोंपैकीं एकच चित्रपट पाहावयाचा असेल तर अर्थात् 'सम लाइक इट हॉट' पाहावा. दोन तासांचा आहे, कृष्णधवल आहे, कारण रंगांत त्या पुरुषांचे रंगविलेले चेहरे हिरवट दिसूं लागले. आणि त्यांतील जॅक लेमन यांचा हातांतील खुळखुळे वाजवीत बोलण्याचा प्रवेश चुकवूं नये. प्रेक्षकांच्या हंशांत पुढचें वाक्य बुडूं नये म्हणून दिग्दर्शकानें ते खुळखुळे हातीं दिले होते. परंतु ज्यांच्या घरीं 'रूममेट' हा शब्द बरींच वर्षें चालू आहे, त्यांनीं आधीं दुसरा पाहावा. आणि पाहतांना चिरंजीवांच्या तोंडाकडे वळून वळून पाहूं नये.